सुरी पळते

घटस्थापनेच्या आदल्या शनिवारची गोष्ट. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, तिसरीची वाट बघत मी ओट्याशी उभी होते आणि खालून आवाज आला, "धाऽऽर! सुरी, कात्री, विळीला धाऽऽर!" आमच्या जुळे सोलापुरातल्या बिल्डिंगखाली हल्ली जे काही ओरडतं ते रेकॉर्ड केलेलं असतं. भंगारवाल्याचा टेम्पो एकच सूर लावून तीन फेऱ्या मारतो, केळीवाल्यानंही आता गाड्यावर कर्णा बसवलाय. हा आवाज मात्र घशातून आलेला, मधेच खोकल्यानं तुटलेला. नवरात्राआधी घर आवरायचं असतं, खंडेनवमीला हत्यारं पुजायची असतात, त्यामुळं या माणसांचा हाच मोसम. ओट्यावरच्या दोन सुऱ्या, शिवणाची कात्री आणि खणातली आईची सुरी असं सगळं एका ताटलीत घालून मी खाली गेले. ताटलीत अशासाठी, की उघडी सुरी घेऊन जिना उतरायचा नाही आणि ती कुणाच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, समोरच्यानं उचलायची. नाहीतर भांडण होतं. कुणाशी, कशावरून, हे आईनं कधी सांगितलं नाही.

माणूस साठीचा असेल. सायकल स्टँडवर चढवलेली, पायडलवरून पट्टा हँडलजवळच्या चाकाला दिलेला, दांडीला पाण्याची बाटली आणि एक कळकट फडकं. ओट्यावरच्या दोन सुऱ्या त्यानं जवळजवळ न बघताच चाकाला लावल्या, पिवळ्याधमक ठिणग्यांचा फवारा उडाला, दोन मिनिटांत काम झालं. कात्रीला जरा जास्त वेळ लागला. मग त्यानं आईची सुरी उचलली आणि पायडल मारायचं थांबवलं. पातं डोळ्यांसमोर आडवं धरलं, उन्हाकडं वळवलं, मग अंगठा धारेवरून नाही, धारेला आडवा फिरवला.

"ये हात की धार है मावशी. चाक की नै."

"असेल की. लावा," मी म्हटलं.

"चाकपे डालूं तो ये जाती." त्यानं पातं माझ्याकडं वळवलं. "डावऱ्यानं लावलीय कुणीतरी. ये देखो, इधर का उतार लंबा, उधर का नावाला. बरसों एकच हात फिरल्याशिवाय असं होत नै."

वरून तिसरी शिट्टी ऐकू आली. भात करपायला नको, नळाला पाणी यायची वेळ झालेली, टाकी भरायची होती. सोलापुरात पाण्याचा दिवस चुकला की पुढचे चार-पाच दिवस काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

"घाला हो चाकावर," मी म्हणाले.

त्यानं घातली. ठिणग्या मात्र मघासारख्या फुलल्या नाहीत. आखूड, काळपट तांबड्या, जणू विझत विझतच बाहेर पडत होत्या. "एक्सॉ ब्लेड है ये, मिल का माल," तो स्वतःशीच म्हणाला. चार नगांचे शंभर रुपये मी दिले, ताटली घेऊन वर आले. भात लागला होताच.

त्या दिवशी मला काही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पाणी भरलं, जेवलो, दुपारी झोपले. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून आमच्याकडं कोशिंबीर करायचं काम यांच्याकडं असतं. काकडी चिरता चिरता हे एकदम म्हणाले, "अगं, सरळ कापायला लागली की ही! काय केलंस?" त्यांच्या आवाजातला आनंद खरा होता. गेली सहा वर्षं ते या सुरीला शिव्या घालत आलेत. आमच्या घरात त्याला 'सुरी पळते' म्हणतात. काकडीवर सरळ ठेवलेली सुरी खाली जाता जाता उजवीकडं निसटायची, चकती वरून जाड आणि खालून कागदासारखी व्हायची, आणि जोर लावला की सुरी काकडीबाहेर येऊन पाटावर आपटायची. माझ्या मुलाचं, माझ्या भावजयीचं, सगळ्यांचंच हे म्हणणं होतं. आणि आता ती काकडी, एकसारख्या चकत्या, बशीत ओळीनं लावलेल्या. मी एक उचलून तोंडात टाकली. काकडीच ती, चांगलीच लागली. पण मघाचं 'अगं' कानात राहिलं आणि त्याच्या मागून आदल्या दिवशीचं माझंच 'घाला हो' ऐकू यायला लागलं.

मला ठाऊक होतं का, आई डावखुरी होती ते?

होतं आणि नव्हतं. आई अक्कलकोट तालुक्यातली, माहेरची बोली कानडी. आजोळी उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो की अज्जी माझ्या मामेबहिणीवर ओरडायची, "एडगै ब्याड!" डावा हात नको. तेव्हा आई एकदा हसत म्हणाली होती, "माझा तर बांधून ठेवला होता, लुगड्याच्या काठानं. जेवण होईपर्यंत." हसत म्हणाली म्हणून आम्हीही हसलो. ती जेवायची उजव्यानं, वाढायची उजव्यानं, हळदीकुंकू लावायची उजव्यानं, सही करायची उजव्यानं. सही करताना तिच्या ओठांची फार विचित्र हालचाल व्हायची, लहान मूल कात्रीनं कागद कापताना जीभ बाहेर काढतं तशी. अक्षर खराब, टाका वाकडा, भाकरी थापताना एका बाजूला जाड. "हाताला वळण नाही," असं दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आई म्हणायची, आणि आईही मान डोलवायची. भाकरीच्या बाबतीत सोलापुरात कुणाला सूट मिळत नाही. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकवणाऱ्या गावात जाड-पातळ भाकरी थापणारी सून म्हणजे काय, ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल.

तिचा डावा हात दिसायचा तो दोन वेळा. कुत्र्याला दगड मारताना, आणि सुरीला धार लावताना.

सुरी दादांनी केलेली. ते गिरणीत फिटर होते. मोठ्या यंत्रावर लोखंड कापायच्या करवतीचं, म्हणजे हॅकसॉचं, पातं मोडलं की त्याचे तुकडे भंगारात जायचे, त्यातला एक १९८३ च्या दिवाळीत आमच्या घरी आला. दात घासून काढलेले, एका बाजूला टोक काढलेलं, पातं जेमतेम चार बोटं. मूठ मोडक्या धोट्याची. मागावर ताण्याच्या सुतांमधून दिवसभर इकडून तिकडं पळणारा तो लाकडी धोटा. सुतावर घासून घासून त्याचं लाकूड इतकं गुळगुळीत होतं की पॉलिशची गरज नाही. दोन तांब्याच्या खिळ्यांनी दादांनी ती मूठ ठोकली आणि आईला दिली. त्या वेळी बाजारात स्टीलच्या सुऱ्या नव्हत्या असं नाही. पण हे पातं हायस्पीड स्टीलचं, टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम घातलेलं, लोखंडाला कापणारं. 'तापून लाल झालं तरी नरम पडत नाही,' हे दादा पाहुण्यांना इतक्यांदा सांगायचे, की पाहुणा ताटातलं आटोपतं घ्यायचा. साधं पोलाद चाकावर जास्त वेळ धरलं की कडेला निळी झाक येते, म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास गेलं आणि त्याचं पाणी उतरलं. मग ती धार चार दिवसही टिकत नाही. या पात्याला ती भीती नाही. म्हणजे त्या शनिवारी चाकानं सुरीचं काही बिघडवलं नाही, हे मला तांत्रिकदृष्ट्या मान्य करावंच लागतं. पोलाद जसंच्या तसं आहे, धार आधीपेक्षा चांगली आहे, सरळ आहे.

पण जे लोखंडाला कापतं, त्याला धार लावणं म्हणजे शिक्षा. साध्या सुरीला लोक बशी उलटी करून तिच्या तळाच्या खरखरीत कडेवर घासतात, काम होऊन जातं. कुणी ओट्याच्या कडेवर घासतं. आमच्याकडं सगळी जमीन शहाबादीची, आणि आईनं सुरुवातीला त्यावरच घासून बघितलं म्हणे. शहाबादी म्हणजे चुनखडीच, पोलादापुढं मऊ. फरशीवर काळ्या रेघा उठल्या, सुरी चकाकली, धार काही आली नाही. मग दादांनी गिरणीच्या दुकानातून दगड आणला. राखाडी-काळा, एका बाजूनं भरड, एका बाजूनं बारीक, ज्याला आई शेवटपर्यंत 'निसणा' म्हणायची आणि दादा 'कार्बोरंडम'. या दगडाची जन्मकथा मला फार आवडते. १८९१ साली एडवर्ड अ‍ॅचेसन नावाचा अमेरिकन कृत्रिम हिरे करायच्या नादात होता. चिकणमाती आणि कोकची पूड त्यानं विजेनं तापवली. हिरा झाला नाही, पण जे चमकदार काळे कण मिळाले ते जवळजवळ हिऱ्याइतके कठीण निघाले. हिरा व्हायला गेला आणि साहेबाच्या नशिबानं निसणा झाला. आमच्या मोरीजवळ पंचवीस वर्षं पडून होता तो त्याच वंशातला.

दुपारची भांडी झाली की आई मोरीच्या उंबऱ्याशी बसायची. दगड तांब्यातल्या पाण्यात बुडवून ठेवलेला असायचा, बुडबुडे थांबले की काढायचा. खाली ओलं फडकं, म्हणजे दगड सरकत नाही. मग सुरी डाव्या हातात. मी समोर गृहपाठ घेऊन बसलेली असायचे, त्यामुळं मला आवाजच जास्त आठवतो. जाताना 'सर्र', येताना हलकं 'सुं'. जाताना दाब, येताना नुसता स्पर्श. दगडावर काळा चिखल जमायचा आणि मी पुसायला गेले तर हातावर फटका बसायचा. "तोच कापतो, त्याला हात लावू नको." कितीतरी वर्षांनी मला कळलं की ते खरं आहे, दगडाचे सुटलेले कण आणि पोलादाची बुकणी यांचा तो लगदा, आणि बारीक काम तोच करतो. एका बाजूला तिचे दहा हात व्हायचे, मग सुरी उलटी करून दोनच. पुन्हा दहा, पुन्हा दोन. दादा एकदा म्हणाले, दोन्ही बाजूंना सारखे मार की. पात्याच्या पाठीखाली पेन्सिल सरकेल एवढी फट ठेवायची, दोन्ही बाजूंना तेवढीच, असं त्यांचं फिटरचं गणित. इंचभर रुंद पात्याला ते बरोबर पंधरा-सोळा अंश होतं, मी नंतर मोजून पाहिलंय. आई म्हणाली, "मला तिकडून जमत नाही." दादांनी खांदे उडवले. विषय तिथं संपला.

शेवटी ती सुरी नखावर टेकवायची, डाव्या अंगठ्याच्या. घसरली तर पुन्हा दगड. रुतली तर झालं. गिरणीतल्या जुन्या चामडी पट्ट्याचा वीतभर तुकडा खिळ्याला टांगलेला होता, त्यावर उलट्या दिशेनं चार वेळा ओढायची. ट्यूबलाईटखाली धरून बघायची. बोथट धार उजेडात पांढऱ्या रेघेसारखी चमकते. लागलेली धार दिसतच नाही. "दिसंना झाली," असं म्हणून ती उठायची, आणि त्यात एवढं समाधान असायचं की मला वाटे आज संध्याकाळी काहीतरी खास आहे. खास काही नसायचं. लिंबाच्या फोडी, कोशिंबीर, कांदा. ताटाची डावी बाजू.

आम्ही दाजी पेठेत राहायचो, सगळा शेजार तेलुगू. पहाटेपासून यंत्रमागांची खटखट आणि दारादारांत विड्या वळणाऱ्या बायका. आमच्या शेजारच्या अक्का सुपात तेंदूची पानं घेऊन उंबऱ्यावर बसायच्या. पानं रात्रभर भिजवलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. त्यावर पत्र्याचा माप ठेवायचा, कात्रीनं चार बाजू कापायच्या, चिमूटभर जर्दा, बोटांची एक लपेट, टोकं मुडपायची, दोरा. हिशेब हजारावर. हजार विड्या म्हणजे हजार पानं, आणि प्रत्येक पानाला कात्रीचे तीन-चार घास. कात्री बोथट झाली की पान शिरेवरून फाटतं, आणि फाटलेलं पान कारखान्यात कुणी मोजून घेत नाही. "पदुनु लेदम्मा," धार नाही गं, म्हणत अक्का कात्री घेऊन यायच्या. आई त्या कात्रीला धार लावून द्यायची. तिरप्या बाजूनंच घासायची, आतल्या सपाट बाजूला दगड लागू द्यायचा नाही, नाहीतर दोन पाती एकमेकांना भेटत नाहीत आणि कात्री चावते पण कापत नाही. हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे. अक्कांच्या मागून त्यांच्या जावा आल्या, मग पलीकडच्या बोळातल्या बायका. पैसे कधी घेतले नाहीत. कुणी चिंचेचं सार आणून द्यायचं, कुणी भजी.

नव्वदच्या दशकात गिरणीचा भोंगा थांबला. त्या वर्षांबद्दल सोलापुरात ज्याला सांगायचंय त्याच्याकडं सांगण्यासारखं आहे, मी इथं एवढंच सांगते की दादा सकाळी डबा घेऊन निघायचे आणि कुठं जायचे ते आम्ही विचारायचो नाही. तेव्हा अक्का आईला म्हणाल्या, विड्या वळ. मी शिकवते. घरबसल्या काम, आठवड्याला पैसे हातात.

आई पंधरा-वीस दिवस बसली त्यांच्या शेजारी. मी कॉलेजातून यायचे तेव्हा अक्कांच्या सुपात विड्यांच्या चळती लागलेल्या आणि आईच्या मांडीवर चुरगाळलेली पानं. कात्रीत पान सापडायचं, पण कापलं जायचं नाही, दोन पात्यांमध्ये दुमडून बसायचं. कात्री उजव्या हातात घेतली की तिचा हात इतका हळू चालायचा की पान वाळून जायचं. डाव्यात घेतली की पान दुमडायचं. स्वतःच धार लावलेली कात्री! अक्का बिचाऱ्या हसू दाबायच्या. आजी म्हणाली, "तिच्या हाताला वळणच नाही, आम्ही काय आज बघतोय?" मीही म्हणाले असेन काहीतरी. एकोणीस वर्षांची होते आणि घरात पैसे नव्हते, तेव्हा आईचा वेंधळेपणा मला खूप खुपायचा. एकविसाव्या दिवशी आईनं सूप परत दिलं आणि ती दोन घरी पोळ्या करायला जायला लागली.

साधी कात्री उजव्या हातासाठीच केलेली असते. उजव्या हाताची बोटं मिटताना दोन्ही पात्यांना एकमेकांकडं ढकलतात. तीच कात्री डाव्या हातात धरली की तीच बोटं पात्यांना एकमेकांपासून दूर ढकलतात, मधे फट पडते आणि पान त्या फटीत दुमडतं. धारेचा दोष नाही. वळणाचाही नाही. एवढी साधी गोष्ट, आणि ती मला कळली त्या रविवारी, काकडीची चकती तोंडात असताना, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. तेही कुणी सांगितल्यावर. रस्त्यावरच्या माणसानं सुरी दहा सेकंद हातात धरली आणि मी ज्या बाईच्या पोटी जन्मले तिच्याबद्दल मला सांगितलं.

डावलणं या शब्दात डावा आहे, हे मराठी शिकताना आपल्याला कुणी दाखवत नाही.

तो माणूस कोण, कुठला, मी विचारलं नाही. आपल्याकडं हे काम शिकलगारांचं. आडनाव म्हणून आपण ते सहज उच्चारतो, सोलापूर-सांगलीकडं वर्गात एखादा शिकलगार असतोच. मूळ अरबी 'सैकल', म्हणजे घासून चकाकी आणणं. तलवारी, भाले, जंबिये घासणारी माणसं. तलवारी गेल्या तेव्हा ते विळ्या-कात्र्यांकडं वळले, आता विळ्याही माळ्यावर गेल्या. माझ्या ओट्यावरच्या दोन्ही सुऱ्या नव्व्याण्णव रुपयाला जोडी मिळालेल्या आहेत. त्यांना धार लावायला पन्नास रुपये गेले, हे मी घरात सांगितलेलं नाही. आणि तरी त्यानं माझं गिऱ्हाईक जाण्याचा धोका पत्करून सांगितलं की चाकावर घातली तर ही जाईल. एकदा नाही, दोनदा. मी त्याला नीट उत्तरही दिलं नाही. मला टाकी भरायची होती.

खंडेनवमीला पाटावर सुरी, कात्री, अडकित्ता, यांचा लॅपटॉप, मुलाच्या गाडीची किल्ली असं सगळं मांडलं. पूर्वी त्या दिवशी दाजी पेठेत मागांना झेंडूच्या माळा असायच्या आणि खटखट बंद, त्यामुळं कान दुखायला लागायचे. त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही, म्हणून आई भाजी आदल्या रात्रीच चिरून ठेवायची. मी सुरीला हळदकुंकू लावलं. उजव्या हाताच्या बोटानं, अर्थातच. चाकानं पात्याच्या दोन्ही बाजूंना बारीक उभ्या रेघा ओढल्या होत्या, दोन्हीकडं अगदी सारख्या. एवढा बरोबर उतार दादांनाही जमला नसता. ते खूश झाले असते.

दिवाळीनंतर मी माळ्यावरून निसणा काढला. घर मोडलं तेव्हा पाटल्या, तांब्याची घागर, समया यांची वाटणी झाल्यावर जे उरलं त्यात सुरी आणि निसणा मी मागून घेतले होते, भावानं 'हे काय नेतेस' म्हणत वर्तमानपत्रात गुंडाळून दिले होते. ते वर्तमानपत्र अजून तसंच होतं. दगड तांब्यात मावला नाही, म्हणून बादलीत टाकला. बराच वेळ बुडबुडे येत राहिले.

माझा उजवा हात. आधी ओट्यावरच्या स्वस्तातल्या सुरीवर शिकायचं ठरवलं, कारण काही झालं तरी ती नव्व्याण्णवाच्या जोडीतली. शिकायला वेळ लागला, अजूनही लागतोय. कोन हलतो. मनगट वळलं की धार गोल होते आणि मग ती टोमॅटोच्या सालीवरून नुसती घसरते. एका बाजूनं पुरेसं घासलं की दुसऱ्या बाजूला पोलादाची एक अतिबारीक झालर येते, डोळ्यांना दिसत नाही, अंगठा धारेला आडवा फिरवला की लागते. त्या शनिवारी तो माणूस अंगठ्यानं काय शोधत होता ते तेव्हा उमगलं. ती झालर आली म्हणजे त्या बाजूचं काम पूर्ण. मग उलटून हलक्या हातानं ती काढायची. पहिल्या दिवशी मला तासभर ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आली आणि मी ती बोटानं इतक्यांदा तपासली की बोट कापलं. त्यातही एक बरं वाटलं. बोथट सुरीनं कापलं की जखम ठसठसते, चांगल्या धारेची जखम आधी कळतच नाही, रक्त दिसल्यावर कळते. कांद्याचंही तसंच, धार चांगली असेल तर कांदा चिरडत नाही आणि डोळे कमी चुरचुरतात. मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांच्या रांगा लागणाऱ्या गावात हे ज्ञान घरोघरी असायला हवं, पण आम्ही रडत रडतच चिरतो.

हार्डवेअरच्या दुकानात मी दगड दाखवायला नेला. दुकानदारानं पट्टी आडवी ठेवली आणि म्हणाला, "ताई, हा मेला. मधे खड्डा पडलाय. बारीक वाळू टाकून फरशीवर घासा, सपाट होईल. नाहीतर नवीन घ्या, महाग नाही." नवीन घेतला. जुना परत पिशवीत घालून आणला.

खड्डा मधे नाही, तेवढी त्याची चूक. तो एका अंगाला आहे, तिरपा, एका टोकाला खोल आणि दुसरीकडं उथळ होत गेलेला. उजव्या हातानं सुरी ठेवली की ती खड्ड्याच्या काठावर चढते आणि खडखड वाजते. परवा दुपारी भांडी झाल्यावर मी मोरी नसलेल्या या घरात बाल्कनीत पाट टाकून बसले, फडकं ओलं केलं आणि आईची सुरी डाव्या हातात घेतली. डाव्या हातानं मी आजवर काय केलं असेल? पदर धरला असेल, भाजी धरली असेल, चिरली नसेल. हात इतका परका वाटत होता की मूठ धरायला दोन प्रयत्न लागले. पातं दगडावर टेकवलं. ते घसरत जाऊन त्या खोलगट जागेत बसलं आणि कोन मला धरावाच लागला नाही. पेन्सिल नको, मोजणं नको. सर्र. हात परत आणला. सुं.

दहा वेळा केलं. मग सुरी उलटी केली आणि दोनच.

आतून हे विचारत होते, कांदा चिरायचाय, सुरी कुठाय. ताटलीत घालून आत नेली, ओट्यावर ठेवली, त्यांनी उचलली. हे पातं चिवट आहे, दहा-बारा हातांनी त्याला काही होत नाही, वर्ष-दोन वर्षंही लागतील. कांदा अजून सरळच चिरला जातो.